तारलीच्या पोटातलं मायक्रोप्लास्टिक मोजताना फिल्टर तुंबतो, ब्लँकमध्येही धागे येतात. चुकतंय कुठे?

खाडीकाठ

एमएस्सी प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा प्रकल्प आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा जेटीवर उतरलेले बांगडे आणि तारल्या, प्रत्येकी ३०. सध्याची पद्धत अशी: पोट उघडून अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंतचा सगळा कोथळा काढायचा, १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये (पुढे केओएच) ६० अंशांवर ओव्हनमध्ये २४ तास ठेवायचा, मग १.२ मायक्रॉनच्या ग्लास फायबर फिल्टरवर व्हॅक्यूमने गाळायचं आणि स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली कण मोजायचे. एफटीआयआर (अवरक्त किरणांनी कण कोणत्या पदार्थाचा आहे ते ओळखणं) बाहेरून करून घ्यावं लागेल आणि त्याचे पैसे २०-२५ कणांपुरतेच आहेत.

अडचणी तीन.

बांगडा बरा गळतो. तारलीचा द्राव मात्र थंड झाला की वर पांढरट थर धरतो आणि १५-२० मिली गाळल्यावर फिल्टर ठप्प. एका सॅम्पलला दोन तास जातात. कोणीतरी नायट्रिक ॲसिड वापरा म्हणून सुचवलंय, तासाभरात सगळं विरघळतं म्हणे.

पाच ब्लँक केले, म्हणजे मासा न घालता बाकी सगळं तसंच. त्यांत ४, ६, ५, ३, ७ असे धागे निघाले, बहुतेक निळे-काळे. माशांत ६ ते ९ धागे आहेत, शिवाय काहींत एक-दोन तुकडे. हा डेटा वापरायचा की फेकायचा?

तिसरी: मुलांना निष्कर्षात ‘माशातून प्लास्टिकची रसायने मानवी शरीरात जातात’ असं लिहायचंय. एवढ्या मोजणीवर ते लिहिता येईल का?

गाळणी

तुमचा फिल्टर प्लास्टिकने नाही, साबणाने तुंबलाय. केओएच आणि चरबी एकत्र तापवली की पोटॅशियमचा मऊ साबण तयार होतो. पावसाळ्यानंतरची तारली म्हणजे तेलाची कुपीच, कोथळ्याभोवती चरबीचा पांढरा पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. बांगड्यात ती कमी, म्हणून तो गळतो.

पहिला उपाय कात्रीचा. कोथळा काचेच्या पेट्रीडिशमध्ये घेऊन बाहेरची चरबी चिमट्याने सोडवून काढा. गिळलेला कण आतड्याच्या पोकळीत असतो, बाहेरच्या चरबीत नाही, त्यामुळे काही गमावत नाही. आतड्याला भोक पडू देऊ नका, पडलंच तर चरबीसकट सगळं बीकरमध्ये घाला आणि तशी नोंद करा.

केओएच वजनाच्या दहापट घ्या: ४ ग्रॅम कोथळ्याला ४० मिली. कमी घातलं तर चरबीच ते खाऊन टाकते आणि मांस अर्धवट राहतं. १० टक्के म्हणजे १०० ग्रॅम गोळ्या आणि एकूण १ लिटर द्राव. बाजारातल्या गोळ्या साधारण ८५ टक्के शुद्ध असतात, अगदी काटेकोर हवं असेल तर ११८ ग्रॅम घ्या. यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे सगळ्या सॅम्पलना आणि ब्लँकना एकाच बाटलीतला द्राव वापरा, आणि तो वापरण्यापूर्वी गाळून घ्या. गोळ्यांतही धूळ असते. गोळ्या पाण्यात थोड्या थोड्या घाला, पाणी गोळ्यांवर ओतू नका, उकळून उडतं. गॉगल हवाच. केओएच डोळ्यात गेलं तर ॲसिडपेक्षा वाईट.

तापमान ६० वरून ४० वर आणा आणि वेळ २४ तासांवरून ४८ तास करा. ६० अंशांवर पॉलिएस्टर आणि काही प्रकारच्या नायलॉनला केओएच कुरतडू लागतं. सूक्ष्मजीवशास्त्र विभागाचा ३७ अंशांचा इन्क्युबेटर मिळाला तर तोही चालेल, फक्त ७२ तास धरा. दिवसातून दोनदा बीकर हाताने फिरवा. मॅग्नेटिक स्टरर नको: त्या कांडीवर टेफ्लॉन असतं आणि ती ठिसूळ कण दळते.

आता गाळणं. द्राव थंड होऊ देऊ नका, ५० अंशांच्या आसपास असतानाच ओता. धुवायला गरम डिस्टिल्ड वॉटर घ्या. नळाचं किंवा बोअरचं पाणी घेतलंत तर त्यातल्या कॅल्शियमने साबणाचा न विरघळणारा चिकट साका होतो. जड पाण्यात अंगाचा साबण फेसाऐवजी चोथा होतो, तेच हे. घाईने ॲसिड घालून द्राव उदासीन करायलाही जाऊ नका. तेलकट माशात साबण फुटून मेदाम्ल सुटतं आणि फिल्टरवर ग्रीस लिंपल्यासारखं बसतं. शेवटी गाळलेल्या ७० टक्के इथेनॉलने एकदा धुवा. ॲसिटोन नको, पॉलिस्टायरीन म्हणजे थर्माकोल त्यात विरघळतो.

आणि मुळात १.२ मायक्रॉनचा फिल्टर कशाला? स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली नजरेने १०० मायक्रॉनच्या खालचं खात्रीने ओळखता येत नाही. जे बघायचंच नाही ते अडवून फिल्टर तुंबवण्यात काय हशील? स्टेनलेस स्टीलची ३२५ मेशची जाळी (साधारण ४५ मायक्रॉन) आणून फनेलच्या मापाच्या चकत्या कापा. द्राव झरझर जातो आणि चकती पुन्हा वापरता येते. अहवालात ‘१०० मायक्रॉन ते ५ मिलिमीटर’ अशी मर्यादा स्पष्ट लिहा. सेल्युलोज नायट्रेटचा फिल्टर घेण्याचा मोह झाला तर आवरा, केओएचमध्ये तो स्वतःच विरघळतो.

नायट्रिक ॲसिडबद्दल: मासा विरघळतो हे खरं, पण नायलॉनही विरघळतं. कोकणात जाळी कशाची असतात? ज्याच्यावर सगळ्यात जास्त संशय घ्यायला हवा त्यालाच पुरावा न ठेवता सोडून दिल्यासारखं होईल.

निरंक

गाळणींनी फिल्टरचं सांगितलं, मी ब्लँकवर येतो.

तुमच्या पाच ब्लँकची सरासरी ५, प्रमाण विचलन १.५८. शोधमर्यादा काढण्याची नेहमीची रीत म्हणजे सरासरी अधिक विचलनाची तिप्पट: ५ + ४.७४ = ९.७. म्हणजे एका सॅम्पलमध्ये १० किंवा जास्त धागे निघाले तरच ‘माशात धागे आढळले’ असं म्हणता येतं. तुमच्या माशांत ६ ते ९ आहेत. धाग्यांच्या रकान्यात ‘शोधमर्यादेखाली’ असं लिहावं लागेल. ९ मधून ५ वजा करून ४ लिहू नका. ही चूक छापील निबंधांतही सर्रास दिसते.

पण सगळं फेकू नका. ब्लँकमध्ये धागेच आहेत, तुकडे आणि पापुद्रे शून्य आहेत ना? मग तुकड्यांचा डेटा शाबूत आहे. आकारानुसार वेगळे रकाने करा: धागा, तुकडा, पापुद्रा, गोळी. प्रत्येकाची शोधमर्यादा वेगळी काढा.

निळे-काळे धागे म्हणजे बहुतेक जीन्स आणि कपडे. छताचा पंखा बंद करा, हा पहिला आणि फुकटचा उपाय. उकाड्यात मुलं कुरकुरतील, करू द्या. सुती ॲप्रन नारिंगी किंवा अशाच भडक रंगात रंगवून घ्या, म्हणजे ॲप्रनचा धागा पडला तर लगेच ओळखू येतो. टेबल ७० टक्के इथेनॉल आणि सुती फडक्याने पुसा. बीकरवर कायम ॲल्युमिनियम फॉइल. प्लास्टिकच्या वॉश बॉटलऐवजी काचेची. डिस्टिल्ड वॉटरचा प्लास्टिकचा कॅन असेल तर पाणी गाळूनच वापरा. मायक्रोस्कोपशेजारी ओला फिल्टर ठेवलेली एक उघडी पेट्रीडिश ठेवा. मोजणी चालू असेपर्यंतच ती उघडी, आणि तिच्यावरचे धागेही मोजायचे. दर दहा माशांमागे किमान एक पूर्ण ब्लँक, आणि तो बॅचच्या मधे. शेवटी, सगळे घरी गेल्यावर शांत खोलीत केलेला ब्लँक काही सांगत नाही.

ब्लँकबरोबर उलटी परीक्षाही घ्या. निळ्या दोरीचे किंवा क्रेटचे कानशीने केलेले ३००-५०० मायक्रॉनचे २० तुकडे मोजून एका कोथळ्यात घाला आणि शेवटी किती परत मिळतात ते बघा. १६ पेक्षा कमी आले तर कण बीकरच्या भिंतीला चिकटून राहतायत. प्रत्येक बीकर तीनदा खंगाळायचा, फनेलची वरची कडही धुवायची.

धागा दिसला म्हणजे प्लास्टिक नव्हे. सुआरिया आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये जगभरच्या समुद्रपृष्ठावरचे सुमारे २००० धागे एफटीआयआरने तपासले. त्यांत कृत्रिम फक्त ८.२ टक्के निघाले, बाकी सुती-सेल्युलोजचे आणि लोकर वगैरेचे. तुमच्याकडे एफटीआयआर २५ कणांपुरतंच आहे, तर ते २५ चिठ्ठ्या टाकून निवडा. सगळ्यात ‘प्लास्टिकसारखे’ दिसणारे निवडले की टक्का आपोआप फुगतो. उरलेल्यांना तापवलेल्या सुईची परीक्षा: सुई लाल होईपर्यंत तापवून कणाजवळ न्या, प्लास्टिक आक्रसतं किंवा सुईला चिकटतं, सुती धागा वितळत नाही, करपतो. कण बिघडतो, म्हणून आधी फोटो. आणि एफटीआयआरला द्यायचे कण या परीक्षेला लावू नका.

आणखी एक. बांगड्याच्या पोटात कोळंबीवर्गाच्या बारीक जिवांची कवचं असतात. कायटिन केओएचमध्ये विरघळत नाही आणि त्याचे पारदर्शक पापुद्रे हुबेहूब पिशवीच्या तुकड्यासारखे दिसतात. सुईने दाबा: कायटिन कडकन तुटतं, कडेला केस किंवा सांधा दिसतो. पातळ प्लास्टिक वाकतं, ताणलं जातं.

नाईल रेडने रंगवायचा विचार असेल तर तारलीसाठी सोडून द्या. तो रंग चरबीलाही लागतो, सगळा फिल्टर दिवाळीसारखा चमकेल. शिवाय पॉलिएस्टर आणि नायलॉनच्या धाग्यांना नीट चढतही नाही.

खाडीकाठ

गाळणी, निरंक, दोघांचे आभार. पंखा चालू होता, हे कबूल. दोन उपप्रश्न: उरलेल्या १८ तारल्या प्लास्टिकच्या पिशवीत गोठवलेल्या आहेत, त्या बाद का? आणि मासे पर्ससीनचे (थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याचे) आहेत, त्याने काही फरक पडतो?

गाळणी

बाद नाहीत. आपण कोथळा मोजतोय, तो आत बंद आहे. पोट कापण्याआधी मासा बाहेरून गाळलेल्या पाण्याने धुवा. फक्त पोट फुटलेल्या तारल्या वगळा. तारलीचं पोट स्वतःच्या पाचक रसांनीच लवकर फुटतं, आणि मग आतबाहेर एकच. पुढच्या वेळी फॉइलमध्ये गुंडाळा.

जाळ्याने फरक पडतो. जाळ्यात कोंडलेला मासा जाळ्याचेच धागे गिळू शकतो, आणि ते ‘समुद्रातलं प्रदूषण’ नाही. म्हणून जेटीवरून संदर्भ-संच गोळा करा: जाळ्याचं सूत, दोरी, क्रेटची खरवड, बर्फपेटीचा थर्माकोल, नावेचा रंग, आणि तुमची ती पिशवीही. प्रत्येकाचा मायक्रोस्कोपखालचा फोटो भिंतीवर लावा. नावेच्या रंगाचा पापुद्रा विसरू नका. ठिसूळ आणि थराथराचा असतो, आणि हमखास प्लास्टिकचा तुकडा म्हणून मोजला जातो.

एका ठिकाणी एका जातीचे ३० मासे कमी पडतात. गुणवत्तेच्या निकषांत किमान ५० मागतात, कारण बहुतेक मासे शून्य निघतात आणि थोड्यांत एक-दोन कण. बांगडा सोडून तारलीच ५० केलीत तर प्रकल्प जास्त भक्कम होईल.

भरतीओहोटी

तिसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळलं नाही म्हणून.

कण मोजून रसायनांबद्दल काहीही सिद्ध होत नाही. या दोन वेगळ्या मोजण्या आहेत आणि एकाच सॅम्पलवर करताही येत नाहीत. केओएचमध्ये थॅलेटसारखी एस्टर रसायनं तुटून जातात. थॅलेट मोजायला जीसी-एमएस (रसायनं वेगळी करून ओळखणारं यंत्र) लागतं, काचेची भांडी ४०० अंशांच्या वर भाजून घ्यावी लागतात, आणि तरी ब्लँकमध्ये थॅलेट येतंच, कारण हातमोजे, नळ्या, झाकणं, हवा, सगळीकडे ते असतं. धाग्यांपेक्षा हा ब्लँक जास्त छळतो.

रसायनांतही भेद करा. पहिला गट प्लास्टिकमध्ये मुद्दाम घातलेल्यांचा: थॅलेट, बिस्फेनॉल-ए, ब्रोमिनयुक्त अग्निरोधकं. दुसरा समुद्रातून प्लास्टिकवर चिकटणाऱ्यांचा: पीसीबी (जुन्या विद्युत उपकरणांतलं क्लोरीनयुक्त रसायन), डीडीटी. २००१ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की प्लास्टिकच्या गोळ्या पीसीबीसारखी रसायनं भोवतालच्या पाण्याच्या दहा लाख पटींपर्यंत साठवतात. तिथून ‘प्लास्टिक म्हणजे विषाचा टँकर’ ही प्रतिमा रूढ झाली. पण मासा फक्त प्लास्टिक खात नाही. तो प्लवंग खातो, कल्ल्यांतून पाणी घेतो, आणि त्या वाटांनी येणारं पीसीबी प्लास्टिकमधून येणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. नंतरच्या आढाव्यांचा कल असाच आहे.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने, इएफएसएने, २०१६ मध्ये हिशोब मांडला: २२५ ग्रॅम शिणाण्यांच्या ताटात अंदाजे ७ मायक्रोग्रॅम प्लास्टिक. त्यातलं सगळंच्या सगळं रसायन सुटलं असं धरलं तरी आहारातून येणाऱ्या पीसीबीत ०.००६ टक्क्यांहून कमी भर, बिस्फेनॉल-एमध्ये २ टक्क्यांहून कमी. आता इथे एक मेख आहे. हे टक्के एकूण सेवनाचे आहेत, सुरक्षित मर्यादेचे नाहीत. २०२३ मध्ये त्याच संस्थेने बिस्फेनॉल-एची रोजची मर्यादा किलोमागे ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर आणली, म्हणजे २०,००० पट खाली. त्यामुळे ‘२ टक्के म्हणजे काळजी नको’ हे वाक्य आता जसंच्या तसं वापरू नका. पण त्या सेवनाचा मोठा वाटा डबाबंद अन्नाचा होता, हेही लिहा.

आकाराचाही प्रश्न आहे. त्याच अहवालानुसार १५० मायक्रॉनपेक्षा मोठे कण आतड्याची भिंत ओलांडत नाहीत, आणि १.५ मायक्रॉनच्या खालचेच अवयवांत खोल जाऊ शकतात. तुमची मोजणी १०० मायक्रॉनच्या वरची. म्हणजे शरीरात जाऊ शकतील असे बहुतेक कण तुमच्या जाळीतून खाली गेलेत!

मुलांना लिहू द्या: ‘अमुक इतक्या तारल्यांपैकी इतक्यांच्या पचनमार्गात १०० मायक्रॉनपेक्षा मोठे प्लास्टिकचे तुकडे आढळले, त्यांपैकी इतक्यांचं बहुवारिक (प्लास्टिकचा प्रकार) एफटीआयआरने निश्चित केलं.’ याच्या पुढचं एकही वाक्य या डेटातून निघत नाही. माशातल्या मायक्रोप्लास्टिकला भारतात कायदेशीर मर्यादा नाही, म्हणून ‘मर्यादेपेक्षा जास्त’ वगैरेही नको. मोजण्याची प्रमाणित पद्धत ठरवण्यासाठी एफएसएसएआयचा, म्हणजे भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला. त्यात कोचीची सीआयएफटी (केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था) हीही आहे, तिथल्या पद्धतीवर लक्ष ठेवा.

सुकटभाकर

ज्यांना प्रयोगशाळा नाही, फक्त स्वयंपाकघर आहे, त्यांच्यासाठी थोडं. कण मुख्यतः कोथळ्यात असतात. बांगडा, तारली, सुरमई, पापलेट आपण पोट साफ करूनच खातो, त्यामुळे तिथला प्रश्न बराचसा विळीवरच संपतो. उरतात अख्खे खायचे जीव: जवळा, तिसऱ्या, कालवं, शिणाणे. तिसऱ्या रेती सोडायला मिठाच्या पाण्यात ठेवतोच, त्याने थोडे कणही जातात, पण सगळे नाही. बेल्जियममधल्या २०१४ च्या अभ्यासात शिणाण्यांच्या जातभाईंमध्ये ग्रॅममागे ०.३६ कण होते, तीन दिवस स्वच्छ पाण्यात ठेवल्यावर ०.२४. घरच्या तीन-चार तासांकडून फार अपेक्षा नको. पाणी मात्र मधे बदला, नाहीतर सोडलेलं तेच पुन्हा ओढतात. आणि मासे प्लास्टिकच्या कटिंग बोर्डवर कापत असाल तर तो बोर्ड आधी बदला, सुरीच्या प्रत्येक घावाला तो झडतो.

चरबी आणि कातडी काढली की पीसीबीसारखी चरबीत बसणारी रसायनं कमी होतात. पारा कमी होत नाही, तो मांसातल्या प्रथिनांना धरून असतो. मोरी आणि मोठी सुरमई थोडी बेतानं खाण्याचं कारण पारा आहे, प्लास्टिक नव्हे.

गेल्या वर्षी मे महिन्यात केरळजवळ बुडालेल्या जहाजातल्या प्लास्टिकच्या गोळ्यांमुळे मासे खाऊ नयेत का, असंही विचारतात.

निरंक

एक दुरुस्ती, सुकटभाकर. ते जहाज, एमएससी एल्सा ३, २५ मे २०२५ ला बुडालं. वर्ष लिहा, ही चर्चा पुढे कोण कधी वाचेल सांगता येत नाही. त्या गोळ्या मसुराएवढ्या असतात, तारली-मांदेलीच्या घशात सहसा मावत नाहीत. उन्हाने आणि लाटांनी त्यांचा चुरा व्हायला काळ जातो. प्रश्न आहे, पण तो त्या हंगामाच्या माशांपेक्षा पुढच्या अनेक वर्षांच्या वाळूचा आहे.

‘पोट साफ केलं की संपलं’ हे सुक्या माशाला लागू नाही. सुक्या माशांवरच्या २०१७ च्या एका अभ्यासात काही जातींच्या साफ केलेल्या मांसातच कोथळ्यापेक्षा जास्त कण सापडले. मासा उघड्यावर वाळतो, वारा, ताडपत्री, पोतं, सगळ्याचं थोडं थोडं बसतं. वलांडीवर टांगलेला बोंबील आणि प्लास्टिकच्या ताडपत्रीवर पसरलेला जवळा यांची तुलना हा खरं तर स्वतंत्र प्रकल्प होईल. खाडीकाठ, पुढच्या बॅचला द्या.

आणि प्रमाण कळावं म्हणून: २०१८ च्या एका स्कॉटिश अभ्यासात शिणाण्यांतून माणशी वर्षाला सुमारे १२३ कण पोटात जातात असा अंदाज निघाला. जेवताना घरच्या धुळीतून ताटात पडणारे धागे मात्र १३,७३१ ते ६८,४१५. पंखा बंद करा म्हणालो ते उगाच नाही.

खाडीकाठ

ठरलं तर. बांगडा सोडला, ५० तारल्या, ४० अंश, ४८ तास, ३२५ मेशची जाळी, दर दहामागे एक ब्लँक. सुक्या जवळ्याचं पुढच्या वर्षी. वापरलेल्या केओएचची विल्हेवाट कशी लावता?

गाळणी

कॅनमध्ये साठवा, बेसिनमध्ये थेट ओतू नका. गरम असताना ओतलं तर थंड होऊन पाइपात साबण गोठतो. मोजणी पूर्ण झाल्यावरच सायट्रिक ॲसिड थोडं थोडं घालत पीएच ७-८ वर आणा. तापतं, म्हणून कॅन पाण्याच्या टबात ठेवा. वर मेदाम्लाचा लगदा तरंगेल तो झाऱ्याने काढून वेगळा टाका, खालचं पाणी भरपूर पाण्याबरोबर सोडा. जाळीच्या चकत्या गरम केओएचमध्ये तासभर ठेवून डिस्टिल्ड वॉटरने धुवा आणि पुन्हा वापरण्याआधी रिकामी चकती मायक्रोस्कोपखाली बघा. घासायची वेळ आलीच तर पितळी ब्रश घ्या, भांडी घासायचा नायलॉनचा नको.